चौथी नोटीस

१

फौजदारानं माझ्या टेबलावर आधी एक हातोडा ठेवला, मग तीन कागद ठेवले आणि न विचारता खुर्ची ओढून बसला.

“ओळखा,” म्हणाला.

कागद ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही. तिन्ही माझ्याच नोटिसा. गोरक्ष नावाच्या एका टोणग्याला मी त्या पावसाळा सरल्यापासून एकामागून एक रजिस्टर पोस्टानं पाठवल्या होत्या. हातोडा तांबटाचा होता, दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली आणि तोंडावर काळं पडलेलं रक्त. मी म्हटलं, “अहो, खाली ठेवा तो! इथं मी पान लावतो.”

“काल दिवेलागणीला नदीकाठच्या जुन्या चुनाभट्टीत गुराख्याला गोरक्ष सापडला,” फौजदार म्हणाला. “डोकं फुटलेलं. दुपारी जेवणवेळेनंतर पानवाल्यानं त्याला धडधाकट पाहिलाय, म्हणजे काम झालंय दुपारी. हातोडा सिंधुबाईच्या मेलेल्या नवऱ्याचा. अख्खी तांबट आळी ओळखते. बाईला चौकीत आणून बसवलीय. आणि गंमत अशी, की खून करणार हे तिनं आधीच लेखी कळवलंय.”

“काय बोलताय काय!”

त्यानं तिसरी नोटीस उचलली आणि शाळेतल्या पोरासारखी मोठ्यानं वाचली. “‘न पेक्षा होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील.’ झाला की नाही परिणाम?”

माझं डोकंच फिरलं. “फौजदारसाहेब, ती नोटिशीची भाषा आहे! दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही आम्ही हेच लिहितो. आजवर किती गवळी मेले?”

“ते सेशन्स कोर्टात सांगा,” म्हणून तो उठला. हातोडा घेऊन गेला, पण टेबलावरचा डाग तसाच राहिला.

गोष्ट चौतीस सालची. सिंधुबाई माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एकटी. तिशीची, विधवा, पोरबाळ नाही. नवऱ्यामागं त्याचं भांड्यांचं दुकान चालवायची. हा गोरक्ष तिच्या मागं लागलेला. दारावर शेण फेकायचा, भिंतीवर कोळशानं घाण लिहायचा, नदीवर निघाली की मागून शीळ घालायचा आणि भरदुपारी दारापाशी उभा राहून असली गाणी म्हणायचा की ती मला सांगताना बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. आळीतली वडीलधारी मंडळी म्हणाली, सोडून दे, माहेरी सायखेड्याला जाऊन राहा. वा रे न्याय! शेण टाकणारा राहणार आणि घर सोडायचं तिनं.

ती मला म्हणाली होती, “वकीलसाहेब, मला लिहून हवं. तोंडी बोललेलं आमच्या आळीत कुणाला ऐकूच येत नाही.”

खरंच नव्हतं येत. मी साक्षीदार शोधायला त्या आळीत घरोघर गेलो होतो. सगळीकडे हातोड्यांची ठणठण, आणि सगळीकडे एकच उत्तर. “ठोक्यांत काय ऐकू येतंय साहेब?” भिंतींना कान असतात म्हणतात. तिथल्या माणसांनाही नव्हते.

पहिली नोटीस गोरक्षनं पानाच्या दुकानात वाचून घेतली आणि हसून लोळला. दुसरीनंतर थोडा गप्प बसला. तिसरीत मी फौजदारी कलमं घातली, आणि बेटा घाबरला. किती घाबरला, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण मेला त्याच दिवशी सकाळी गोरक्ष माझ्या दारात आला होता.

मी कोर्टात निघालेलो. आमच्या सौ. आडव्या आल्या. “अवसेच्या दिवशी असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.” म्हणून तो बिचारा पायरीखालीच उभा राहिला.

“साहेब, माफी लिहून देतो,” म्हणाला. “पण सगळं एकट्या माझ्या माथी मारू नका. मी सांगतो सगळं.”

मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

२

चौकीत सिंधुबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, “तुमच्या नोटिसा वाया गेल्या.”

“वाया गेल्या असत्या तर बरं झालं असतं. हातोडा बाहेर कसा गेला?”

“दाराशेजारच्या पडवीत खुंटीला असतो. पडवी उघडीच. कुणीही न्यावा.”

“काल दुपारी कुठं होता तुम्ही?”

“घरात. कडी घालून निजले होते.”

“दुपारभर?”

“महिन्यातनं एखाद्या दिवशी लागतो डोळा. काल लागला.”

“कुणी हाक मारली? कुणी आलं-गेलं?”

ती जरा थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “नाही,” म्हणाली.

बोंबला! आरोपी विधवा, हत्यार तिच्या घरचं, वैर लेखी आणि तेही माझ्या सहीचं, आणि बचाव काय, तर झोप. न्यायाधीश मला दारातूनच परत पाठवतील. बाईच्या गळ्याला दोर लागणार होता आणि तो माझ्या टेबलावर वळला गेला होता. याचा मला असा संताप आला की चौकीबाहेर पडताना मी हवालदाराच्या अंगावर उगाचच ओरडलो.

आधी गाठला तिचा दीर, रंगनाथ. घरावर त्याचा डोळा आहे हे अख्ख्या आळीला माहीत. आळीच्या टोकाला त्याचं दुकान, आणि घण असा की अंगण हादरावं. मी आलेला बघूनही त्यानं तो खाली ठेवला नाही.

“मी कशाला मारू त्या गोरक्षला? तो माझंच काम करत होता,” असं म्हणून हसला. हसताना दात दिसले तेवढेच. “काल खाडा होता. सकाळीच त्र्यंबकला गेलो, कुशावर्तात बुडी मारली, रात्री आलो. टांगेवाल्याला विचारा.”

विचारलं. खरं निघालं. वाईट माणसं खरं बोलतात तेव्हा फार राग येतो.

मग गोरक्षची बायको. गोजराबाई झोपडीच्या दारात बसली होती आणि तिनं मला ओळखलं. “तुमच्या कागदानं माझा नवरा खाल्ला, वकील,” म्हणाली. मी ऐकून घेतलं. तिचा हक्क होता.

मग तीच बोलू लागली. “तिसरा कागद आला तवापासून त्यानं धड भाकर खाल्ली नाय. म्हणायचा, सांगणारा राहील मोकळा अन् जेलात जाईन मी.”

“सांगणारा? कोण सांगणारा?”

“नाव नाय घेतलं कधी. लिहिता-वाचता येणारा माणूस हाय म्हणायचा. पहिल्या नोटिशीला त्यानंच धीर दिला. कागदानं कुणी मरत नाय, असं म्हणला म्हणं.” तिनं डोळे पुसले. “अन् बघा की, मेलाच.”

म्हणजे गोरक्षच्या मागं कुणीतरी होता. त्याचंच नाव गोरक्ष मला सांगणार होता आणि त्याच्याचसाठी त्याचं डोकं फुटलं. पण हे फौजदाराला पटवायचं कसं? आरोपीचा वकील सांगतो आणि मयताची बायको सांगते. तो जांभई देऊन मोकळा.

शेवटी सिंधुबाईची शेजारीण, आक्काबाई. तिच्या माडीवर एक कारकून भाड्यानं राहायचा, खाली ती. “मी अन् आळीतल्या बायका सगळ्या सोमेश्वरला गेलो होतो,” म्हणाली. “अन् असते तरी काय? ठोक्यांत कान बसलेत आमचे.”

पुन्हा तेच! मी तिथून तरातरा निघालो. घरी आलो, तर आक्काबाईच्या माडीवरचा तोच कारकून माझ्या ओसरीवर बसून माझी वाट बघत होता.

३

देवराम त्याचं नाव. कुठल्याशा कचेरीत कामाला. स्वच्छ कोट, टोपी, बोलणं मधाळ. आळीत येऊन वर्षही झालं नसेल. सिंधुबाईच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं दोनदा त्यानंच पाण्यानं धुऊन काढलं होतं, एवढं मला ठाऊक होतं.

“वकीलसाहेब, मी गप्प बसू शकत नाही,” म्हणाला. “वहिनी निर्दोष आहेत. त्या दुपारी त्या माझ्या खोलीत होत्या.”

मी त्याला ताबडतोब आत घेतला आणि दार लावलं.

“माझं अंग मोडून आलं होतं, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. जेवण झाल्यावर वहिनी आल्या, तुमच्या नोटिशीचा अर्थ समजून घ्यायला. दिवेलागणीपर्यंत होत्या. खाली ठोके असे चालले होते की बोललेलं ऐकू येईना, म्हणून दार-खिडकी लावून घेतली. त्यामुळं कुणाच्या दृष्टीस पडलो नाही.”

“हे कोर्टात सांगाल?”

“शपथेवर सांगेन.” त्यानं मान खाली घातली. “लोक काय म्हणतील ते म्हणोत. खरं सांगू का, नोटिसा पाठवून काय मिळालं? कागदानं कुणी मरत नाही. बाईमाणसाला कुणाचा तरी आधार लागतो.”

मी घाईत होतो, खुशीत होतो. त्याची जबानी जशीच्या तशी लिहून घेतली, त्यानं झोकात सही ठोकली. बाई सुटली, म्हटलं! तसाच कोठडीकडे धावलो.

सिंधुबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “खोटं आहे. मी त्याच्या जिन्याची पायरीसुद्धा चढलेली नाही.”

“बाई, फाशी आहे! कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग एवढं ‘हो’ म्हणा. बाकीचं मी बघतो.”

“आणि सुटल्यावर? दार लावून परक्या पुरुषाच्या खोलीत बसले होते, असं कोर्टात लिहिलं गेल्यावर मला आळीत कोण उभं करील? माहेरी कोण घेईल? एकच दार उघडं राहील, त्याचं.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “वकीलसाहेब, गोरक्ष दाराबाहेर उभा राहायचा. हा घरात येऊन बसेल. मला नको असली सुटका.”

मी चिडलो. जीव मोठा की अब्रू, वगैरे बरंच बोललो. ती ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. खटला सेशन्सला गेला. देवरामची जबानी माझ्या खणात होती. ती वापरली तर बाई जगणार होती, पण तिच्या मनाविरुद्ध. दिवस सरत चालले, तारीख लागली, आणि मी ठरवून टाकलं की वापरायची. आधी ती माडी एकदा नजरेखालून घालावी म्हणून तांबट आळीत गेलो, आणि आळीच्या तोंडाशीच थबकलो. कुठंतरी काहीतरी चुकलं होतं.

४

आळीत आवाजच नव्हता.

एक हातोडा वाजत नव्हता. ओट्यांवर माणसं पत्ते कुटत बसली होती. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, ते चार घरांपलीकडून ऐकू येत होतं. रंगनाथ घोंगडी पांघरून चक्क घोरत होता. मला वाटलं कुणी वारलं.

“काय झालं हो?” मी आक्काबाईला विचारलं.

“कुठं काय? आज अवस नाय का! अवसेला तांबट हातोडा उचलत नाय. खाडा असतो आमचा.”

“दर अवसेला?”

“आजेसासऱ्यापासनं. एक ठोका पडायचा नाय.” ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहू लागली, कारण मी तिच्या ओट्यावर मटकन बसलो होतो.

आमच्या सौ.नी गोरक्षला आत का घेऊ दिलं नव्हतं? अवस होती म्हणून. रंगनाथ त्र्यंबकला का गेला? खाडा होता म्हणून. आणि मी गाढव समजलो, त्याचा एकट्याचा. सिंधुबाईला महिन्यातून एकदाच डोळा का लागतो? एकच दिवस ठणठण नसते म्हणून! तिघांनी तीन तोंडांनी मला हेच सांगितलं होतं आणि माझ्या कानात मात्र हातोडेच वाजत राहिले, कारण मी जेव्हा जेव्हा इथं आलो तेव्हा ते वाजतच होते.

आणि देवरामचंही तेच झालं. सकाळी कचेरीत जायचा, दिवस मावळता परत. रविवारी घरी, पण रविवारी तांबटांना सुट्टी नाही, आणि तो आल्यापासून अवस रविवारी पडली नव्हती. त्याच्या हिशेबी या आळीत दिवसा हातोडे वाजतातच. ज्यानं ती दुपार खरोखर या माडीवर काढली असती, त्याला ही शांतता जाणवल्यावाचून राहिली नसती. ठोक्यांमुळं दार लावलं असं तो म्हणूच शकला नसता. तेव्हा देवराम त्या दुपारी आळीत नव्हता. कचेरीतही नव्हता, रजा होती. मग कुठं होता?

आणि सिंधुबाई त्याच्या खोलीत होती या म्हणण्याचा दुसरा अर्थ काय? तोही खोलीत होता! मला वाटत होतं तो तिला वाचवतोय. लेकाचा स्वतःला वाचवत होता.

पण लगेच दुसरा विचार आला. देवराम खोटा ठरला तर बाईचा एकुलता एक साक्षीदार गेला. तो खोटारडा आहे एवढ्यानं ती निर्दोष ठरत नाही. फौजदार म्हणेल, दोघांनी मिळून मारला. त्या दिवशी तिला घरात पाहिलेलं कुणीतरी हवं होतं, आणि आक्काबाई म्हणाली, त्या दिवशी ओट्यांवर कुणीच नव्हतं; पुरुष त्र्यंबकला नाहीतर घरात झोपलेले, बायका सोमेश्वरला. अवसेच्या दिवशी या आळीत कामावर असणार कोण?

तेवढ्यात नवसागराचा वास आला. सिंधुबाईच्या दारासमोरच्या कोपऱ्यात धूर निघत होता. नजीर कल्हईवाल्याचा भाता चालू होता. त्याला कसली अवस? त्याची सुट्टी शुक्रवारी.

५

मी जाऊन त्याच्यापुढं उकिडवा बसलो. त्यानं मला पाहिलं आणि हातातलं भांडं अधिकच जोरात घासायला घेतलं.

“नजीरमियाँ, गेल्या अवसेला तुम्ही इथंच होता ना?”

“रोजच असतो, साब.”

“पोलिसांना सांगितलं का नाही?”

“मला कुणी विचारलं? त्यांनी घरवाल्यांना विचारलं. मी रस्त्यावरचा.”

“मी विचारतोय.”

त्यानं भाता थांबवला. आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात बोलला, आणि बोलताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

“बाईचं दार दिवसभर बंद होतं. आतून कडी. एकच दार आहे त्या घराला, अन् मी समोर. जेवणाच्या वेळेपासून दिवे लागेपर्यंत मी हाललो नाही, कारण काम लई होतं. मध्ये मी त्यांचे दोन टोप कल्हई करून द्यायला गेलो, थाप मारली. आतून आवाज आला, ‘नजीरभाई, ओट्यावर ठेवून जा.’ ठेवले. बस.”

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला.

“हे मी कोर्टात सांगू? विधवा बाई घरात एकटी, आळी रिकामी, अन् तिच्या दारावर मुसलमानानं थाप मारली? तिची अब्रू जाईल, साब. माझी रोटी जाईल. अन् ह्या दिवसांत कुठं काडी पडेल अन् काय पेटेल, तुम्हाला माहीत आहे. मी तिच्या भल्यासाठी गप्प बसलो, अल्लाकसम.”

मला सिंधुबाईचं ते थांबणं आठवलं. बोटाला गुंडाळलेला पदर आठवला. कुणी हाक मारली का, असं मी विचारलं होतं, आणि तिला सगळं आठवत होतं. एवढंच कशाला, देवरामच्या खोट्या साक्षीला ती नाही म्हणत होती तेव्हाही खरी साक्ष तिच्या ओठांवर होती!

“नजीरमियाँ,” मी म्हटलं, “महिनाभर ती कोठडीत आहे. फाशी होईल हे मी तिला तोंडावर सांगितलंय. तुमचं नाव एकदा घेतलं असतं तरी पुरे होतं. तिनं घेतलं नाही.”

त्यानं चिमट्यानं निखारे उगाच सारखे केले. दोन माणसं, एकमेकांच्या अब्रूसाठी तोंड शिवून बसलेली, आणि मधल्या मध्ये कोण मोकळा फिरत होता!

“देवराम त्या दिवशी दिसला होता का?” मी विचारलं.

“कारकून? जेवणाच्या वेळेला, रोजच ठोके थांबतात तेव्हा, घडीभर आला, अन् बाईच्या पडवीकडून निघून नदीकडे गेला. बगलेत पिशवी. दांडा बाहेर आलेला. मला वाटलं छत्री.”

“पौषात छत्री?”

“कचेरीवाले लोक, साब. आम्हाला काय कळतं?” तो म्हणाला. मग घागर उचलली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि उठला. “चला. कुठं सांगायचं ते सांगतो.”

६

देवरामला मी साक्षीची उजळणी म्हणून बोलावलं. फौजदार कोपऱ्यात बसला होता, मी त्याला हातापाया पडून आणला होता. नजीर आतल्या खोलीत.

“जबानी वाचा एकदा,” मी म्हटलं. देवरामनं वाचली. अक्षर माझं, पण शब्द त्याचे होते, आणि त्या शब्दांवर तो खूश दिसला.

“ठोके कुठल्या बाजूनं येत होते?”

“सगळीकडून. आळीच ती.”

“रंगनाथच्या दुकानातूनही?”

“अहो, त्याचा घण तर सगळ्यांवर! भिंत हादरत होती.”

“रंगनाथ त्या दिवशी त्र्यंबकला होता.”

“मग... त्याचा कुणी माणूस असेल.”

“कुणी नव्हतं, देवरामभाऊ. त्या दिवशी अवस होती. अवसेला त्या आळीत हातोडा उचलत नाहीत. तुम्ही इतके महिने तिथं राहिलात आणि एकाही अवसेला दिवसाउजेडी घरी नव्हतात. त्या अवसेलाही दुपारभर नव्हता.”

फौजदारानं पाय खाली घेतले. देवरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

“‘कागदानं कुणी मरत नाही,’” मी म्हटलं. “हे तुम्ही मला सांगितलंत. हेच शब्द गोरक्षनं त्याच्या बायकोला सांगितले होते, लिहिता-वाचता येणाऱ्या एका माणसाचे म्हणून. शेण तो टाकायचा आणि भिंत धुवायला तुम्ही यायचात. बाई घाबरली की आधाराला कुणीतरी हवं, ते तुम्ही. पण बाई तुमच्याकडे यायची सोडून माझ्याकडे आली आणि नोटिसा धाडत बसली. तुम्हाला ठाऊक होतं की नोटीस म्हणजे नुसता कागद. गोरक्षला ठाऊक नव्हतं. तो खरंच भ्याला, माझ्या दारात आला. तिथून तुमच्या कचेरीत गेला असणार, सांगायला की मी आता सगळं ओकणार.”

“हे सगळं तर्कट आहे,” देवराम म्हणाला. पण आवाजातला मध आटला होता.

“तुम्ही त्याला भट्टीत बोलावलंत आणि पिशवीत हातोडा नेलात. कुठलाही हातोडा चालला असता, पण तुम्ही तिच्या पडवीतला उचललात. का? तर तिच्या गळ्यात दोर पडावा आणि दुसरं टोक तुमच्या हातात राहावं. मग यायचं आणि म्हणायचं, ‘ती माझ्या खोलीत होती.’ फाशी तरी नाहीतर तुम्ही तरी.” मी हाक मारली. “नजीरमियाँ!”

नजीर बाहेर आला. त्यानं पिशवीचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं, दांड्याला काहीतरी चकाकत होतं तेही सांगितलं. तांब्याची तार.

देवरामनं जबानीचा कागद घडी घालून टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाला, “मी तिला वाचवणारच होतो.” आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण तिचं भलं केलं.

फौजदारानं त्याला दंडाला धरून उठवलं.

सिंधुबाई सुटली. नजीरनं भर कोर्टात सांगितलं, शपथ घेऊन, मान वर करून. त्याचं पुढं व्हायचं तेच झालं. आळीतली भांडी त्याच्याकडे यायची थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, नुसती भांडी आली नाहीत. सिंधुबाईचे दोन टोप तेवढे येत राहिले. गोजराबाई गाव सोडून गेली. कुठं, ते मला शोधून कळलं नाही.

होळी झाल्यावर सिंधुबाई माझ्याकडे आली. “चौथी नोटीस द्यायची आहे,” म्हणाली.

“आता कुणाला? एक मेला, एक आत गेला.”

“आळीत जेवढी घरं आहेत तेवढ्यांना. रंगनाथभावजींनाही. आक्काबाईंनाही.”

मी चष्मा काढला. “मागायचं काय त्यांच्याकडून? भरपाई?”

“काही नाही. एवढंच लिहा, की तुम्हाला ऐकू आलं होतं.” ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. “गोरक्ष अवसेलाही यायचा, वकीलसाहेब. त्या दिवशी तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. आमच्या आळीत अवसेला ताट पडलं तर टोकाच्या घरी कळतं. सगळे ओट्यावर असायचे. पत्ते खेळत असायचे.”

“बाई, याला कायद्यात कलम नाही.”

“नसू दे. कलम घालू नका. पण ते शेवटचं वाक्य घाला, परिणामांच्या जबाबदारीचं. ते मला आवडतं.”

मी लिहिल्या. आयुष्यात असल्या बिनकलमी नोटिसा मी कधी लिहिल्या नव्हत्या आणि इतक्या मन लावूनही नव्हत्या लिहिल्या.

ज्या दिवशी त्या पोचायच्या होत्या त्या दिवशी मी नजीरच्या भात्याजवळ जाऊन बसलो. समोर सिंधुबाई ओट्यावर भांडं घासत होती. आळी नेहमीसारखी ठणठणत होती, शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. टपालवाला आळीच्या तोंडाशी आला. पहिल्या घरी त्यानं सही घेतली, पाकीट दिलं, आणि जरा वेळानं तिथला हातोडा थांबला. मग दुसऱ्या घरचा थांबला. तो एकेक घर करत पुढं सरकत होता आणि त्याच्यामागं आळी गप्प होत चालली होती. आक्काबाई पाकीट हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. शेवटी टोकाला रंगनाथचा घण तेवढा वाजत होता, मग तोही बंद पडला.

सिंधुबाईनं घासणं थांबवलं आणि ऐकत राहिली.

त्या दिवशी अवस नव्हती.